गाव कधी उघडायचं? आधी पूरपट्टीतली माणसं हलवा

पावसाळ्यात सांगलीत सकाळच्या चहाबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो. "आयर्विनला पाणी किती?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण आकडा ऐकल्यावर जाणती माणसं लगेच दुसरं विचारतात. "सूर्यवंशी प्लॉटातली माणसं हलली का?" पाणी चढलं आणि नदीकाठच्या त्या वस्तीत माणसं झोपलेली असली तर अनर्थ होतो. तेवढंच पाणी चढलं आणि घरं रिकामी असली, तर भांडीकुंडी जातात, भिंती महिनाभर ओल धरतात, पण माणूस वाचतो.

कोरोनाच्या साथीत बंद केलेलं गाव पुन्हा कधी उघडायचं, याचं उत्तर मला ह्या दुसऱ्या प्रश्नात सापडतं. रोजच्या रुग्णांचा आकडा आपण दोन वर्षं टीव्हीवर बघितला. तो महत्त्वाचा होताच. पण त्यापेक्षा मोठा प्रश्न होता, की हा आजार ज्यांच्या जिवावर उठतो ती माणसं अजून पूरपट्टीत आहेत, का सुरक्षित जागी पोचलीत? लस म्हणजे त्यांना उंचावर नेणं.

दोन तारखा शेजारी ठेवून बघा. २ ऑगस्ट २०२१ ला राज्य सरकारनं निर्बंध बरेच सैल केले, पण ११ जिल्हे वगळले. त्यांत सांगलीही होती, साताराही होता. बाकी महाराष्ट्राची दुकानं रात्री आठपर्यंत उघडी, आणि आपल्याकडं मात्र जुनेच नियम. व्यापारी चिडले होते, आणि त्यांचं चिडणं मला कळत होतं. नुकताच जुलैचा पूर ओसरलेला, दुकानांतला चिखल अजून निघालेला नव्हता. मग ४ मार्च २०२२ पासून निर्बंध आणखी उठले, तेव्हा आधी १४ जिल्ह्यांना मोकळीक मिळाली. त्या यादीत सांगली आणि सातारा दोन्ही होते. मागच्या रांगेतले जिल्हे सात महिन्यांत पुढच्या रांगेत आले.

मधल्या काळात विषाणू काही गाव सोडून गेला नव्हता. उलट जानेवारी २०२२ मध्ये त्याच्या ओमायक्रॉन ह्या नव्या रूपानं देशात रोज साडेतीन लाखांच्या आसपास नवे रुग्ण दाखवले. मे २०२१ च्या भयंकर लाटेत ते चार लाखांवर गेले होते, म्हणजे आकडा फार खाली नव्हता. मृत्यू मात्र, मे २०२१ मध्ये रोज चार हजारांच्या घरात नोंदले जात होते, ते तिसऱ्या लाटेत त्याच्या निम्म्यावरही गेले नाहीत. पाऊस जवळपास तेवढाच पडला, पण बुडाली कमी माणसं.

निर्बंध कसे मोजून ठरत होते, तेही बघू. जून २०२१ मध्ये राज्यानं पाच स्तर केले. दोन मापं होती: आठवड्याचा पॉझिटिव्हिटी दर, आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात ते. दर ५ टक्क्यांखाली आणि खाटा २५ टक्क्यांखाली असतील तर पहिला स्तर, सगळं खुलं. दर २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांवर गेल्या तर पाचवा. पॉझिटिव्हिटी दर म्हणजे शंभर तपासण्यांत किती जण बाधित निघाले. हे पर्जन्यमापकासारखं माप. उपयोगी, पण तपासण्या कुणाच्या केल्या, किती केल्या, यावर ते हलतं. भरलेल्या खाटा म्हणजे आयर्विनची फूटपट्टी, तिला फसवणं अवघड. पण दोन्ही मापं आजचं सांगतात. उद्या पाणी चढलं तर किती जण सापडतील, हे त्यांतून कळत नाही. मार्च २०२२ च्या निकषांत ते तिसरं माप आलं: पहिला डोस ९० टक्क्यांहून जास्त लोकांना, दुसरा ७० टक्क्यांहून जास्त, पॉझिटिव्हिटी १० टक्क्यांखाली, आणि ऑक्सिजन किंवा आयसीयूच्या भरलेल्या खाटा ४० टक्क्यांखाली. माझ्या मते हाच त्या सगळ्या आदेशांतला सर्वांत शहाणपणाचा बदल होता.

आता थोडं गणित करू, आठवीच्या पोराला जमेल एवढंच. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

एका मोठ्या गावात साठीपुढची १००० माणसं आहेत. लस नसताना सगळ्यांना लागण झाली तर त्यांतल्या १०० जणांना दवाखान्यात न्यावं लागेल असं धरा. लशीनं हा धोका दहा पटींनी कमी होतो असंही धरा. सगळ्या हजारांना लस मिळाली तर दवाखान्यात जातील १०. आता ९०० जणांनाच मिळाली, १०० राहिले. त्या ९०० मधून जातील ९, आणि राहिलेल्या १०० मधून १०. म्हणजे नव्वद टक्के काम झालं तरी उरलेले शंभर जण एकटेच त्या नऊशेंपेक्षा जास्त खाटा अडवतात. "नव्वद टक्के झालं, बास झालं" असं म्हणून पाठ फिरवायची सोय इथं नाही. शेवटच्या शंभरांना गाठलं की गावाचा भार १९ वरून १० वर येतो, जवळजवळ निम्मा.

ह्याच हजार लशी विशीतल्या पोरांना दिल्या असत्या तर? समजा हजार पोरांतून फार तर पाचांना दवाखाना लागला असता. लशीनं त्यांतले साडेचार वाचले. म्हाताऱ्यांत वाचतात नव्वद. लस कमी आणि माणसं जास्त, अशा वेळी रांग का लावायची, याचं उत्तर ह्या साडेचार आणि नव्वदमध्ये आहे. आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, फेब्रुवारीत पोलीस, सफाई कामगार वगैरे आघाडीवरचे लोक, १ मार्चला साठीपुढचे आणि पंचेचाळीसपुढचे मधुमेह-हृदयविकारवाले, १ एप्रिलला पंचेचाळीसपुढचे सगळे. त्या वेळेपर्यंत देशात कोरोनानं गेलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के पंचेचाळिशी ओलांडलेले होते, असं आरोग्य मंत्रालयानंच सांगितलं होतं.

बाहेर हिंडतात ती तरणी पोरं, आजार पसरवतात तीच, मग आधी त्यांना लस देऊन साखळीच का तोडू नये, असं तेव्हा पुष्कळ जण विचारत. प्रश्न बरोबर होता. इंडोनेशियानं सुरुवातीला कमावत्या वयाच्या लोकांना पुढं घेतलंही होतं. पण ह्या वाटेनं जायचं तर लशीनं लागणच थांबवायला हवी, आणि तिथं गाडी अडते.

आपण श्वास घेतो ते विषाणूचं पहिलं दार: नाक आणि घसा. दंडावर टोचलेल्या लशीनं रक्तात लढाऊ प्रथिनं तयार होतात. त्यांतली थोडी नाकापर्यंत पोचतात, आणि काही महिन्यांत ती ओसरतात. म्हणून लस घेतलेल्यालाही सर्दी-ताप येतो, आणि तो दुसऱ्याला लागण देऊ शकतो. पण विषाणू फुफ्फुसात उतरायला काही दिवस घेतो. तेवढ्या वेळात शरीरातल्या स्मृतिपेशी जाग्या होतात. ह्या शत्रूचं तोंड त्यांनी लशीच्या वेळी बघून ठेवलेलं असतं. त्या नव्यानं फौज उभी करतात, आणि लढाई घशातच बरीचशी संपते. ही आठवण प्रथिनांपेक्षा खूप जास्त दिवस टिकते. थोडक्यात, लस चोराला अंगणात येऊ देते, माजघरात शिरू देत नाही.

म्हणूनच 'इतक्या टक्के लोकांना लस दिली की साथ आपोआप विझेल' हा हिशेब कागदावरच राहिला. एका रुग्णाकडून सरासरी अडीच जणांना लागण होत असेल तर ६० टक्के लोक सुरक्षित झाले की साखळी तुटते. पाच जणांना होत असेल तर ८० टक्के लागतात. दुसऱ्या लाटेतलं विषाणूचं रूप, डेल्टा, साधारण ह्या पाचाच्या घरात होतं. पण इथं 'सुरक्षित' याचा अर्थ अजिबात लागण न होणारे. तशी लस हाताशी नव्हती. म्हणून जगभर उद्दिष्ट बदललं. साथ पूर्ण संपवण्याऐवजी तिचे दात काढायचे ठरले.

आणखी एक गोष्ट वेळेची. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १३ मे २०२१ पासून १२ ते १६ आठवडे झालं. लस कमी होती आणि अंतर वाढवल्यानं संरक्षण सुधारतं असं दिसत होतं, म्हणून. त्याचा एक परिणाम असा, की ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्यांच्या दंडावर एकच डोस होता. इंग्लंडच्या आकडेवारीत डेल्टाचा लक्षणं दाखवणारा आजार एका डोसनं जेमतेम एक तृतीयांश अडत होता, आणि दोन डोस झाल्यावर दवाखान्यात जायचा धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी होत होता. त्यातही दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस जावे लागतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये सामान्य माणसाला दोन डोस आणि वर १४ दिवस झाल्यावरच प्रवेश मिळायचा, तो ह्यासाठीच.

ओमायक्रॉन सौम्यच होता, लशीचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. ओमायक्रॉन डेल्टापेक्षा सौम्य होता हे खरं. आपल्याकडं दुसऱ्या लाटेत असंख्य लोकांना लागण होऊन गेली होती, तिचाही वाटा होता. पण मग हाँगकाँगकडं बघा. दोन वर्षं त्यांनी कडक बंदोबस्तानं विषाणू बाहेर ठेवला. २०२१ संपेपर्यंत तिथं एकूण २१३ मृत्यू झाले होते. ह्याच यशानं घात केला. आजार दिसतच नाही तर म्हाताऱ्याला सुई कशाला, असं घराघरांत ठरलं, आणि ऐंशीपुढच्या बहुतेकांचे दोन डोस झालेच नव्हते. २०२२ च्या सुरुवातीला तोच 'सौम्य' ओमायक्रॉन आत शिरला आणि काही महिन्यांत नऊ हजारांवर माणसं गेली, बहुतांश वयस्कर. न्यूझीलंडनंही दोन वर्षं दार लावून ठेवलं होतं. पण त्यांनी दार उघडायच्या आधी म्हाताऱ्यांना लस दिली. तिथंही रुग्ण भरपूर झाले, पण हाँगकाँगसारखी वेळ आली नाही.

'मी घरातच असतो' हे हाँगकाँगच्या आजोबांचं उत्तर मी भिलवडीतही ऐकलंय. माझी आत्या, वय ऐंशीच्या पुढं, साखरेचा आजार. मे महिन्यात लस आली, तिनं नाही म्हटलं. "मी कुठं जाती रं भाईर? उंबऱ्याच्या भाईर पाय न्हाई माझा. मला कशाला सुई?" तिला कसं समजवायचं, यावर मी बराच विचार केला, कारण तिचं म्हणणं वरवर तर्काला धरून होतं. मग तिला घरातली माणसं मोजायला लावली. नातू तासगावला बेदाण्याच्या सौद्याला जाऊन येतो. सून बचत गटाच्या बैठकीला जाते. पणतू उद्या शाळेला जाईल. गाव बंद होतं तोवर हे तिघंही घरात होते आणि तिचा उंबरा खरंच बंद होता. गाव उघडलं की ती कुठंही जाणार नाही, पण तिघं रोज बाहेरून आत येणार. गाव उघडल्यावर मोकळीक मिळते बाहेर जाणाऱ्याला आणि धोका येतो घरात बसलेल्याकडं. आत्या गप्प राहिली. पटलं असं नाही म्हणाली, पण गप्प राहिली.

मग गाव बंदच का ठेवू नये? ज्यांना कोयना माहीत आहे त्यांना हे सांगायला नको. धरण १०५ टीएमसीचं आहे म्हणून पाऊस १०५ वर थांबत नाही. दरवाजे लावून बसलं तर पाणी भिंतीवरून जाईल. म्हणून आधी खालच्या गावांना भोंगा, मग दोन फूट दरवाजे, मग चार फूट. बंद गावातही असंच काहीतरी साठत जातं. रोजंदारीवाल्याची उधारी, क्षयरोग्याचा चुकलेला औषधाचा महिना, बाळांच्या राहिलेल्या गोवर-घटसर्पाच्या लशी. शाळा मार्च २०२० ला बंद झाल्या, मधे वरचे वर्ग थोडे दिवस भरले तेवढेच, त्या ग्रामीण भागात पाचवीपासून पुढं आणि शहरांत आठवीपासून पुढं रीतसर उघडल्या ४ ऑक्टोबर २०२१ ला. तोवर पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गाचं तोंड न बघता दुसरीत गेलं होतं. हे नुकसान मला आजही सर्वांत जास्त टोचतं. ते कुठल्याच खाटांच्या तक्त्यात दिसत नाही.

तेव्हा दरवाजे उचलायचेच, फक्त टप्प्यानं. दोन टप्प्यांमध्ये दोन-तीन आठवडे का थांबायचं, तर लागण झालेला माणूस आज दवाखान्यात येत नाही. लक्षणं यायला काही दिवस, दम लागायला आणखी आठवडा. महाबळेश्वरला पडलेलं पाणी सांगलीत पोचायला वेळ लागतो, तसंच. आज आयर्विनला पाणी कमी दिसतंय म्हणून नदीकाठी संसार मांडायचा नसतो. राज्यानं ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, मंदिरं उघडली. २२ ऑक्टोबरला नाट्यगृहं उघडली, तीही निम्म्या खुर्च्यांवर. विष्णुदास भाव्यांच्या गावात ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन तोंडावर होता, आणि एक खुर्ची सोडून एक बसलेला प्रेक्षक नाटकवाल्यांनी गोड मानून घेतला. बंद दाराच्या मोठ्या सभागृहात दोन तास शेजारी बसणं आणि रानात द्राक्षाच्या मांडवाखाली काम करणं यांत धोक्याचा फरक फार मोठा आहे. हवा खेळती असली की अर्धं काम होतं. त्यामुळं रानातलं, बाजारपेठेतलं आधी आणि बंद खोलीतलं नंतर, हा क्रम बरोबर होता.

खाटांबद्दल एक गोष्ट मिरजेच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. मिरजेचे दवाखाने फक्त सांगली जिल्ह्याचे नाहीत. सांगोल्यापासून पार बेळगाव-विजापूरपर्यंतचा रुग्ण इथं येतो. म्हणजे आपल्या गावात लसीकरण छान झालं तरी शेजारच्या तालुक्यात, शेजारच्या राज्यात म्हातारी माणसं राहिली असतील तर खाट आपलीच भरते. दर हिवाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून येतात, त्यांच्या कोप्यांवर जाऊन लस देणं हे म्हणूनच आपल्याही भल्याचं.

त्या दिवसांत एक बातमी वरचेवर यायची: दवाखान्यातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांनी लस घेतलेली, मग लस काय कामाची? आपल्या गावातल्या हजार म्हाताऱ्यांकडं परत जाऊ. आता ९५० जणांना लस मिळाली, ५० राहिले. ९५० मधून दवाखान्यात जातील नऊ-दहा. ५० मधून पाच. वॉर्डात बघितलं तर तिघांतले दोघं लस घेतलेले. पण ते ९५० मधून आलेत आणि हे पाच फक्त ५० मधून. वॉर्डात मोजू नका, गावात मोजा. लस जितक्या जास्त लोकांनी घ्यावी तितके दवाखान्यातले रुग्ण जास्तीत जास्त लस घेतलेलेच निघणार. सगळ्यांनी घेतली तर शंभर टक्के.

आणि काही माणसं लस घेऊनही पूरपट्टीतच राहतात. मूत्रपिंड बदललेला, कर्करोगाची औषधं चालू असलेला, डायलिसिसवरचा. त्यांचं शरीर लशीला पुरतं उत्तर देत नाही. जानेवारी २०२२ पासून साठीपुढच्या आजारी लोकांना तिसरा डोस मिळू लागला, त्यानं थोडी भर पडली. पण मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याला, उठल्यावरही दवाखान्याच्या बाकड्यावर असा कुणी शेजारी असेल तर आपण मास्क लावावा, एवढं मला अजूनही वाटतं. तो माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये 'हर घर दस्तक' मोहीम सुरू झाली तेव्हा आशाताई आणि सिस्टर निळा डबा घेऊन आत्याच्या गल्लीत आल्या. मी तिथं होतो. डब्यात बर्फाच्या पाकिटांमध्ये कुप्या, आतलं तापमान २ ते ८ अंश राहायला हवं. कोविशील्डच्या एका कुपीत १० डोस, आणि उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली टाकून द्यायची. गल्लीत राहिलेली माणसं निघाली सात. आत्या त्यांत होती, तयारही होती. सिस्टर कुपी हातात घेऊन उभ्या. "तिघं कमी आहेत. तीन डोस वाया घालवू का?" आशाताई काही न बोलता चपला घालून पलीकडच्या आळीत गेल्या. पाऊण तासानं आल्या त्या दुसरा डोस चुकलेल्या दोघा भावांना आणि एका अंध आजोबांना घेऊन, आजोबांचा हात स्वतःच्या खांद्यावर. मग सिस्टरनी कुपीचं झाकण उडवलं, लेबलवर पेनानं वेळ लिहिली आणि आधी आत्याकडं वळल्या. शेवटचे शंभर गाठणं म्हणजे काय, ते मला त्या पाऊण तासात कळलं.

आत्याचा दुसरा डोस फेब्रुवारीत झाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, जिल्ह्याचं नाव मोकळ्या यादीत आलं तेव्हा, तिचा फोन आला. १४ दिवस झाले का, हे तिनं पणतूकडून कॅलेंडरवर मोजून घेतलं होतं. आता औदुंबरला जाऊ का, एवढंच विचारायचं होतं.